भरलेले तास

न्यू जर्सीत एडिसनला बहिणीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. भाचीची नववी संपत आली होती आणि पुढच्या वर्षी कोणते विषय घ्यायचे याचा कागद तिने जेवणाच्या टेबलावर पसरला होता. डावीकडे विषय, उजवीकडे आकडे. इंग्रजी 5, भूमिती 5, रसायनशास्त्र 5, इतिहास 5, स्पॅनिश 5. अगदी शेवटच्या ओळीत आरोग्य आणि शारीरिक शिक्षण, आणि त्याच्यापुढे 3.75.

"हे पावणेचार कसले गं?"

"काय माहीत, मावशी. सगळ्यांना तेवढेच मिळतात. धावलं तरी, आणि कडेला बसून राहिलं तरी."

चार वर्षांत अशी 120 क्रेडिट्स जमली की हायस्कूल सुटतं. पावणेचारचा उलगडा मला नंतर झाला. न्यू जर्सीच्या नियमात 40 मिनिटांचा एक तास, आठवड्यातून एकदा, वर्षभर झाला की एक क्रेडिट. रोज तास असेल तर पाच. आता राज्याचा कायदा सांगतो, की पोरांनी आठवड्याला अडीच तास व्यायाम आणि आरोग्याचे धडे घेतलेच पाहिजेत. अडीच तास म्हणजे दीडशे मिनिटं. त्यांना चाळिसाने भागा.

मराठी माणसाला या हिशेबाचं फार नवल वाटायला नको. आपण साठ मिनिटांनाही तास म्हणतो आणि गणिताच्या वर्गालाही तासच म्हणतो. तास बुडतो, ऑफ तास मिळतो, टर्म भरते. पण आपल्याकडे हे भरणं परीक्षेला बसू देण्यापुरतं. हजेरी कमी पडली तर टर्म जाते; हजेरी पुरी झाली म्हणून कुणी पास करत नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 साली झाली, माधवराव रानडे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून आपला सगळा जीव तीन तासांच्या पेपरात अडकलेला आहे. अमेरिकेने आपला जीव वर्षभराच्या तासांत अडकवून ठेवला. आणि तो तिथे अडकला म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनपायी.

गोष्ट जरा मागून सांगायला हवी. 1890 साली अमेरिकेतल्या सगळ्या सरकारी हायस्कुलांत मिळून 2 लाखांच्या आसपास मुलं होती. वीस वर्षांत ती 9 लाखांवर गेली. देशाचं असं शिक्षण खातं त्यांना हुकूम देत नव्हतं. शिक्षण राज्यांकडे, राज्यांनी ते गावांकडे सोपवलेलं. एका गावचं हायस्कूल दोन वर्षांचं, शेजारच्या गावचं चार वर्षांचं. 'भौतिकशास्त्र झालं' म्हणजे एका शाळेत रोज प्रयोगशाळा, दुसरीत आठवड्याला दोनदा पुस्तकातलं वाचन. त्यात प्रत्येक कॉलेजची प्रवेशपरीक्षा वेगळी, तिला नेमलेली लॅटिन आणि ग्रीक पुस्तकं वेगळी. एकाच वर्गातला एक मुलगा हार्वर्डला जाणार, दुसरा येलला, तिसरा आणखी कुठे. हेडमास्तरांनी शिकवायचं तरी काय? मिशिगन विद्यापीठाने 1870 नंतर यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. त्यांचे प्राध्यापक शाळा पाहून यायचे. शाळा पसंत पडली की तिथल्या मुलांना परीक्षेविना दार उघडं. पण प्राध्यापकांनी गाडीत बसून किती शाळा हिंडायच्या?

1892 साली राष्ट्रीय शिक्षण संघटनेने दहा जणांची एक समिती नेमली. अध्यक्ष हार्वर्डचे चार्ल्स एलियट. हे गृहस्थ मूळचे रसायनशास्त्राचे आणि 1869 पासून पुढची चाळीस वर्षं हार्वर्डचे सर्वेसर्वा. समितीने नऊ विषयगटांची नऊ संमेलनं भरवली, प्रत्येकात दहा-दहा माणसं. त्यांच्या अहवालातल्या दोन गोष्टी टिकल्या. पहिली ही, की विषय कुठलाही असो, तो सगळ्या मुलांना सारखाच शिकवायचा, मग मूल पुढे कॉलेजात जाणार असो की दुकानात बसणार असो. दुसरी, की जर्मन, इतिहास, वनस्पतिशास्त्र हे विषयही पुरेसा वेळ देऊन नीट शिकवले तर लॅटिन-ग्रीकच्या पंगतीला बसू शकतात.

मला ही दुसरी गोष्ट सगळ्या कथेची किल्ली वाटते. जोवर लॅटिन मोठं आणि वनस्पतिशास्त्र धाकटं होतं, तोवर मोजायची गरजच नव्हती; मोठ्याला मान, धाकट्याला उरलेलं. सगळे विषय एका पंगतीला बसवले, की वाढायचं माप लागतं. विषयाची प्रतिष्ठा आता मापात धरायची नाही म्हटल्यावर हाती उरलं काय? घड्याळ. अहवालातले अभ्यासक्रमांचे तक्ते आठवड्याला किती तास, याच हिशेबात मांडलेले होते.

मध्येच दुसरीही एक वाट निघाली होती, आपल्याला अधिक ओळखीची. 1900 साली पूर्वेकडच्या कॉलेजांनी मिळून एक सामाईक परीक्षा मंडळ काढलं, तेच आजचं कॉलेज बोर्ड. जून 1901 मध्ये पहिली परीक्षा झाली आणि 973 उमेदवार बसले. आपल्या मॅट्रिकचंच हे अमेरिकन भावंड म्हणायचं. वाढलं असतं तर कदाचित त्या देशानेही तीन तासांच्या पेपरालाच जीव लावला असता. पण तेवढ्यात अँड्र्यू कार्नेगींना प्राध्यापकांची दया आली.

स्कॉटलंडमधल्या विणकराचा हा मुलगा पोलादाच्या धंद्यात कोट्यधीश झाला आणि 1901 साली जे. पी. मॉर्गनला सगळा कारखाना 48 कोटी डॉलरला विकून मोकळा झाला. त्याआधी, 1890 मध्ये, कॉर्नेल विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर त्यांची नेमणूक झाली होती. तिथे त्यांना कळलं, की प्राध्यापकांचे पगार आपल्या कचेरीतल्या कारकुनांच्या पगाराशी तुलना करण्याजोगे आहेत. म्हातारपणासाठी काही साठवावं म्हटलं तर त्या पगारातून उरणार काय! म्हणून वर्गात ऐकू येईनासं झालं तरी मास्तर शिकवतच राहायचे.

एप्रिल 1905 मध्ये कार्नेगींनी एक कोटी डॉलरचे पोलाद कंपनीचे पाच टक्क्यांचे रोखे काढून दिले. वर्षाला पाच लाख डॉलर व्याज, त्यातून निवृत्त प्राध्यापकांना पेन्शन. प्राध्यापकाने स्वतः एक पैसा भरायचा नाही. या दानातून उभ्या राहिलेल्या कार्नेगी प्रतिष्ठानचे पहिले अध्यक्ष हेन्री प्रिचेट, एमआयटीचे प्रमुख आणि पेशाने खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या वेळा मोजणाऱ्या माणसाच्या हाती हे काम पडावं हा निव्वळ योगायोग, पण शोभून दिसणारा. विश्वस्तांत एलियट होतेच. शिवाय प्रिन्सटनचे वुड्रो विल्सन, कोलंबियाचे निकोलस मरे बटलर, स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन अशी बडी मंडळी.

पैसे वाटायला बसल्यावर पहिलाच प्रश्न पडला, की प्राध्यापक कुणाला म्हणायचं? जो कॉलेजात शिकवतो त्याला. मग कॉलेज कशाला म्हणायचं? इथे सगळी पंचाईत. त्या काळी अमेरिकेत पाटी लावली की कॉलेज झालं. कित्येक ठिकाणी वरच्या मजल्यावर पदवीचे वर्ग आणि खाली बारा-तेरा वर्षांची पोरं बाराखडीच्या जरा पुढचं गिरवत बसलेली. म्हणून प्रतिष्ठानने व्याख्या केली. निदान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा, कॉलेज कुठल्या धर्मपंथाच्या ताब्यात नको, आणि प्रवेशासाठी चार वर्षांचं हायस्कूल पुरं झालेलं हवं.

आता 'चार वर्षांचं हायस्कूल' म्हणजे काय, हे कोण सांगणार? तेही प्रतिष्ठानने सांगितलं: 14 युनिटं. आणि युनिट म्हणजे एक विषय, आठवड्यातून पाच तास, पूर्ण शालेय वर्षभर. पुढे हे माप 120 घड्याळी तासांवर येऊन स्थिरावलं. हिशेब करून पाहावा: वर्षाचे 36 आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज 40 मिनिटं. बरोबर 7200 मिनिटं होतात. माझ्या भाचीचा पाचाचा आकडा हाच, फक्त निराळ्या नाण्यात. तिची 120 क्रेडिट्स आणि हे 120 तास यांचा मात्र एकमेकांशी संबंध नाही. तो फसवा योगायोग आहे आणि मी त्याला पहिल्यांदा फसले होते.

साखळी लक्षात घ्यायला हवी. प्राध्यापकाला पेन्शन हवं, म्हणून कॉलेज व्याख्येत बसायला हवं. व्याख्येत बसायचं तर कॉलेजने प्रवेशाला 14 युनिटं मागायला हवीत. कॉलेज मागतं म्हणून हायस्कुलाने ती छापून द्यायला हवीत. प्रतिष्ठानच्या न्यूयॉर्कमधल्या कचेरीने कुठल्याही शाळेला एका शब्दाचा हुकूम दिला नाही, तो द्यायचा अधिकारच नव्हता. तरी पाच-सात वर्षांत देशभरातल्या शाळांचे दाखले युनिटांत लिहिले जाऊ लागले. म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी पोरांचे तास मोजले गेले. काही कॉलेजांनी तर धर्मपंथाशी असलेला जुना संबंधही सनदेतून काढून टाकला. राज्य सरकारांची विद्यापीठं आधी या दानातून वगळली होती; 1908 मध्ये कार्नेगींनी त्यांच्यासाठी आणखी 50 लाख डॉलर दिले, तेव्हा तीही आत आली.

मोजायची चटक लागली की ती थांबत नाही. 1910 साली प्रतिष्ठानने मॉरिस कुक नावाच्या एका इंजिनियराकडून कॉलेजांची तपासणी करवली. हा फ्रेडरिक टेलरचा चेला. कारखान्यात कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारे तेच टेलर. कुकने भौतिकशास्त्राचे विभाग पाहिले आणि मापाचं नवं एकक सुचवलं: एक विद्यार्थी, एक तास. वर्गात, प्रयोगशाळेत किंवा पाठ म्हणण्यात गेलेला. या एककाचा खर्च काढा, म्हणजे कुठलं कॉलेज महाग पडतं ते कळेल. प्राध्यापक मंडळी भडकली, ते साहजिकच होतं. पण कॉलेजातल्या क्रेडिट-तासाचा पाया असा कारखान्याच्या हिशेबवहीत घातला गेला.

पेन्शनचं पुढे काय झालं, तर तिजोरीचा अंदाज चुकला. प्राध्यापक वाढत गेले, आयुष्यंही वाढली. फुकटचं पेन्शन नव्याने येणाऱ्यांना बंद झालं आणि 1918 साली वर्गणी भरून घेणारी विमा संस्था काढावी लागली. ज्यासाठी मोजायला सुरुवात केली ते संपलं. तास राहिले.

या मापावर शंका घेणारे लगेच निघाले, आणि गंमत म्हणजे त्यातल्या काहींना पैसे कार्नेगींच्याच घरून मिळाले. पेनसिल्व्हेनियातल्या हायस्कूल आणि कॉलेजांच्या विद्यार्थ्यांची एकच चाचणी घेऊन लर्नेड आणि वुड या जोडीने 1938 साली अहवाल काढला. कॉलेज संपवणाऱ्या कित्येकांपेक्षा हायस्कुलातल्या काही मुलांना जास्त येत होतं. चार वर्षांचे तास भरूनही!

त्याहून मोठा प्रयोग 1933 ते 1941 या काळातला. प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन असोसिएशनने तीसेक शाळा निवडल्या आणि सुमारे 300 कॉलेजांना गळ घातली, की या शाळांतल्या मुलांची युनिटं मोजू नका, शाळेच्या शिफारशीवर घ्या. कॉलेजांनी मान्य केलं, हेच मोठं आश्चर्य. मग शाळांनी वेळापत्रकं मोडली. कुठे इंग्रजी आणि इतिहास एकत्र करून दोन-दोन तास सलग, कुठे मुलांनी आपल्या शहराचाच अभ्यास मांडलेला. कॉलेजात गेल्यावर या शाळांतला एक विद्यार्थी आणि त्याच्याच वयाचा, तशाच बुद्धीचा, तशाच घरचा पण नेहमीच्या शाळेतून आलेला एक, अशा 1,475 जोड्या लावून तपासलं. युनिटं न मोजता आलेली मुलं कुठे मागे पडली नव्हती. थोडी पुढेच होती. सगळ्यात जास्त मोडतोड केलेल्या शाळांची तर आणखी पुढे. निष्कर्ष छापून आले 1942 साली. देश महायुद्धात उतरलेला. शिक्षणाचा असा पुरावा कुणाच्या हाती क्वचित लागतो, आणि लागला तेव्हा वाचायला कुणाला सवड नव्हती. शाळा मुकाट्याने आपापल्या युनिटांकडे परतल्या.

युद्ध संपल्यावर चिंता बदलली. कोरियात पुन्हा लढाई पेटली होती, हुशार पोरांना सैन्यात बोलावणं येण्याआधी त्यांचं शिक्षण कसं उरकायचं हा प्रश्न होता. फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशावर तीन नामवंत खासगी शाळा (अँडोव्हर, एक्झिटर, लॉरेन्सव्हिल) आणि हार्वर्ड, येल, प्रिन्सटन यांच्या शिक्षकांनी बसून 1952 साली एक अहवाल लिहिला. त्यांची तक्रार साधी होती. आमच्या शाळेत मुलगा बारावीला जे शिकतो तेच त्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकवतात. एकाच विहिरीचं पाणी दोनदा उपसायचं कशाला? त्याच सुमारास ओहायोतल्या केन्यन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांनी आणखी काही कॉलेजांना सोबत घेऊन ठरवलं, की हायस्कुलातच कॉलेजच्या पातळीचं शिकवावं, वर्षाअखेरी परीक्षा घ्यावी आणि उत्तम उतरला तर मुलाला पुढच्या पायरीवर बसवावं. 1955 मध्ये कॉलेज बोर्डाने हे काम अंगावर घेतलं. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे आताचं 'एपी', ते हेच. मे 1956 च्या परीक्षेला 104 शाळांतले 1,229 विद्यार्थी बसले.

म्हणजे एकाच इमारतीत दोन जिने झाले. एका जिन्यावर तास भरत चढायचं. दुसऱ्यावर पेपर देऊन दोन पायऱ्या एकदम. दुसरा जिना बांधला होता तो मात्र मूठभर श्रीमंत शाळांतल्या मुलांसाठी, आणि बांधणाऱ्यांनी ते लपवलंही नव्हतं.

ऑक्टोबर 1957 मध्ये स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेला वाटलं, की आपली पोरं गणितात मागे पडली. पुढच्याच सप्टेंबरात शिक्षणासाठी केंद्राचा मोठा निधी देणारा संरक्षण-शिक्षण कायदा झाला. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट देशभर शाळा पाहत हिंडले आणि 1959 मध्ये त्यांनी सांगितलं, की सगळ्यांना चार वर्षं इंग्रजी आणि तीन-चार वर्षं सामाजिक शास्त्रं हवीत. गणित आणि विज्ञान सर्वांना एकेक वर्ष पुरे, हुशारांना मात्र चार वर्षं गणित आणि तीन वर्षं विज्ञान. स्पुटनिकच्या गदारोळातही सामान्य मुलाला एका वर्षाच्या गणितावर सोडून द्यायला कुणाला काही वाटलं नाही. हुशार कोण, हे ठरवणार शाळेचा समुपदेशक. आणि त्याच्या खुर्चीपुढे बसलेल्या मुलाचं आडनाव, कातडी, वस्ती त्याला दिसत असायचीच.

पूर्व लॉस एंजेलिसमधलं गारफिल्ड हायस्कूल अशाच वस्तीतलं. मुलं जवळजवळ सगळी मेक्सिकन घरांतली. 1974 साली तिथे हाइमे एस्कालांते हे शिक्षक रुजू झाले. मूळचे बोलिव्हियाच्या ला पाझचे, तिथे नावाजलेले. अमेरिकेत आल्यावर त्यांच्या पदव्यांना किंमत नव्हती. हॉटेलात फरशा पुसण्यापासून सुरुवात करून, इंग्रजी शिकून, दुसऱ्यांदा पदवी घेऊन ते पुन्हा खडूपर्यंत पोहोचले होते. म्हणजे तास दोनदा भरून आलेला माणूस. ते आले तेव्हा शाळेची मान्यताच जायची वेळ आली होती.

वर्गात ते आचाऱ्याचा एप्रन बांधून यायचे आणि सुऱ्याने खाडकन सफरचंद कापून अपूर्णांक दाखवायचे. त्यांचा लाडका शब्द 'गानास'. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ इच्छा, पण आपल्या 'खुमखुमी'च्या जवळ जाणारी इच्छा. कलनशास्त्राचा, कॅल्क्युलसचा, पहिला एपी वर्ग त्यांनी सुरू केला तेव्हा 14 मुलं होती. परीक्षेपर्यंत पाच टिकली, दोन पास झाली. पुढच्या वर्षी नऊपैकी सात. 1981 मध्ये पंधरापैकी चौदा. या आकड्यांमागे शाळेची घंटा व्हायच्या आधीचे तास होते, जेवणाच्या सुट्टीतले होते, शनिवारचे होते, उन्हाळ्यात शेजारच्या कॉलेजात घेतलेल्या वर्गांचे होते. बीजगणितच कच्चं असलेल्या मुलाला एका वर्षात कलन येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून खालच्या इयत्तांपासून त्यांनी साखळी बांधत आणली. पुढे यावर निघालेल्या सिनेमात ते एका वर्षात घडल्यासारखं दिसतं, तसं नव्हतं. आणि दाखल्यावर त्या वर्गाचे तास? इतर कुठल्याही विषयाचे होते तेवढेच.

मे 1982 मध्ये 18 जण बसले आणि अठराही पास झाले. मग उन्हाळ्यात परीक्षा चालवणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसची पत्रं आली. चौदा जणांच्या उत्तरपत्रिका परस्परांशी संशयास्पद जुळत होत्या. एका प्रश्नात तर चुकाही सारख्या. निकाल रद्द होऊ शकतो, नको असेल तर पुन्हा परीक्षा द्या. वस्तीत संताप उसळला. हीच उत्तरं एखाद्या अँडोव्हरच्या वर्गातून आली असती तर पत्र गेलं असतं का? एस्कालांतेंचं म्हणणं, की एकाच मास्तराच्या हाताखाली तीच गणितं रात्रंदिवस सोडवलेली मुलं चुकतीलही एकसारखीच. संस्थेचं म्हणणं, की आम्ही नावं बघत नाही, आकडे बघतो. त्या एका प्रश्नाबद्दल पुढेही वाद होत राहिला. चौदांपैकी बारा जण पुन्हा बसले. मे महिन्यानंतर वही उघडली नव्हती, तयारीला जेमतेम काही दिवस. बाराच्या बारा पास.

श्रीमंत मुलांचा वेळ वाचावा म्हणून बांधलेला जिना होता तो. गारफिल्डच्या मुलांना त्यावरून वेळ वाचवायचा नव्हता. 'गारफिल्ड, गणित, 5 क्रेडिट' या नोंदीवर बाहेर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. बाहेरच्याने तपासलेला पेपर हाच त्यांचा पुरावा. आणि तोच आधी खोटा ठरवला गेला. 1988 साली 'स्टँड अँड डिलिव्हर' हा चित्रपट आला तेव्हा जगाला ही गोष्ट कळली. शिक्षक संघटनेच्या करारात वर्गाची मर्यादा 35 होती, एस्कालांतेंच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं. त्यावरून कुरबुरी झाल्या, आणखीही कारणं होती. 1991 मध्ये ते गारफिल्ड सोडून गेले. त्यानंतर तिथले आकडे झपाट्याने उतरले. बांधलेली साखळी एका माणसाच्या खांद्यावर होती.

गारफिल्डचा निकाल लागल्यावर काही महिन्यांनी, एप्रिल 1983 मध्ये, केंद्राच्या एका आयोगाने देश धोक्यात असल्याचा अहवाल दिला. उपाय काय? चार वर्षं इंग्रजी, तीन गणित, तीन विज्ञान, तीन सामाजिक शास्त्र, आणि अर्धं वर्ष संगणक. 1982 साली बाहेर पडलेल्यांपैकी संगणक सोडून बाकीचं एवढं केलेली मुलं 14 टक्के होती. राज्यांनी भराभर आकडे वाढवले. मुलांना येत नाही, तर मग आणखी तास भरायला लावा! डॉक्टरने गुण न आलेल्या औषधाचा डोस वाढवावा तसं. अर्थात गणिताच्या वर्गात बसूच न दिलेल्या मुलांना निदान बसायला मिळालं, हेही नाकारता येत नाही. गारफिल्डसारख्या वस्त्यांत त्याचं मोल होतं.

एपीचं पुढे बाजारात रूपांतर झालं. आता न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडायच्या आत "तुमच्याकडे किती एपी घेतल्या?" हा प्रश्न येतो. एपीला जास्त वजन असल्याने सरासरी वर जाते, म्हणून वेळ वाचवायला काढलेली गोष्ट मुलांची झोप खाते. 2018 मध्ये वॉशिंग्टनच्या आसपासच्या आठ बड्या खासगी शाळांनी आपण एपी बंद करणार असं जाहीर केलं; एक्झिटरसारख्या, 1952 चा अहवाल लिहिणाऱ्या शाळेच्या यादीतही आता एपीच्या नावाचे विषय नाहीत. जिना ज्यांनी बांधला ते खाली उतरून दुसरीकडे गेले.

युनिटाला मात्र कुणी हलवू शकलं नाही. 1993 साली कार्नेगी प्रतिष्ठानचेच अध्यक्ष अर्नेस्ट बॉयर यांनी ते कालबाह्य झाल्याचं सांगितलं. 2015 मध्ये प्रतिष्ठानने पुन्हा अभ्यास केला आणि सावधपणे म्हटलं, की माप अपुरं आहे, पण त्याच्या जागी ठेवायला दुसरं काही तयार नाही. ते काढलं तर शाळांचे पगार, वेळापत्रकं, प्रवेश, सगळंच खिळखिळं होईल. 2023 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आता तासांऐवजी मुलांची कौशल्यं मोजायची साधनं तयार करणार, आणि त्यासाठी भागीदार घेतला तो एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस. गारफिल्डच्या मुलांना पत्रं पाठवणारी तीच संस्था. 1947 साली ती जन्माला आली तेव्हा तिच्या तीन जन्मदात्यांपैकी एक हेच कार्नेगी प्रतिष्ठान होतं.

2023 च्याच एप्रिलमध्ये आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. शाळेपासून पीएचडीपर्यंत एकच हिशेब: वर्षाला 1200 तास, 40 क्रेडिट्स. आपल्या तासांत वर्गाबरोबर खेळ, प्रयोग, कामाचा अनुभवही धरायचा आहे आणि मूल्यमापन झाल्याखेरीज क्रेडिट द्यायचं नाही, एवढी सावधगिरी आपण ठेवली आहे. एका क्रेडिटला तीस तास. म्हणजे कार्नेगींचं एक युनिट आपल्या बरोबर चार क्रेडिट्सचं.